नागिणीची लस आणि वीस हजार रुपये

फेब्रुवारी-मार्चात धर्माबादच्या बाजारात लाल मिरचीचे ढीग लागतात आणि माझ्या ओपीडीत खोकणाऱ्यांची रांग लागते. अशाच एका सकाळी त्या रांगेत एक निवृत्त मास्तर आणि त्यांच्या पत्नी बसल्या होत्या. दोघंही खोकत नव्हती. मास्तर जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले, वय ६८. काकूंचं वय ६३, बारा वर्षांपासून मधुमेह. मास्तरांनी खिशातून चौघडी घातलेला कागद काढला. त्यावर त्यांनी हिशेब मांडून आणला होता : एक डोस दहा हजार, दोन डोसचे वीस, दोघांचे चाळीस.

"डॉक्टरसाहेब, टीव्हीवर ती नागिणीच्या लशीची जाहिरात लागते बघा. दोघांचीही घ्यायची आपली ऐपत नाही. एकालाच घ्यायची, तर कोणाला द्यावी?"

एमडीच्या तोंडी परीक्षेतही इतका अवघड प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. बाहेर तीस-चाळीस पेशंट ताटकळत होते. पाच मिनिटांत द्यायचं हे उत्तर नव्हे, म्हणून दोघांना रविवारी निवांत यायला सांगितलं. आदल्या रात्री बसून मी स्वतः काही आकडेमोड केली. ती आणि रविवारी आमच्यात झालेलं बोलणं आज तुमच्यासमोर मांडतो आहे, कारण हा प्रश्न हल्ली आठवड्यातून एकदा तरी कोणी ना कोणी विचारतंच.

आधी नागीण म्हणजे काय ते बघू. हिच्यात नागही नाही आणि सापही नाही. लहानपणी तुम्हाला कांजण्या येऊन गेल्या असतील. कांजण्या आठ-दहा दिवसांत बऱ्या होतात, पण त्यांचा विषाणू अंगातून जात नाही. पाठीच्या कण्याला लागून मज्जातंतूंच्या छोट्या छोट्या गाठी असतात, त्यांत तो वर्षानुवर्षं गुपचूप पडून राहतो. पन्नाशी ओलांडलेल्या आपल्यापैकी बहुतेकांच्या अंगात तो आज, हे वाचत असतानाही आहे. शरीराची प्रतिकारशक्ती त्याच्यावर पहारा ठेवते. वय वाढलं, मधुमेह जुना झाला, कॅन्सरचे उपचार किंवा स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या की हा पहारा ढिला पडतो. मग विषाणू जागा होतो आणि एखाद्या मज्जातंतूची वाट धरून कातडीपर्यंत येतो. तो मज्जातंतू अंगाच्या जेवढ्या पट्ट्याला पुरतो, तेवढ्याच पट्ट्यात लालसर चट्टे आणि पाण्याचे फोड उठतात. पाठीकडून पोटाकडे वळत गेलेला हा पट्टा सापासारखा दिसतो, म्हणून नागीण. माझ्याकडे तेलंगणाच्या बाजूने येणारे तेलुगू पेशंट तिला सर्पी म्हणतात. नदीच्या अलीकडे काय आणि पलीकडे काय, लोकांना दिसला सापच.

"नागिणीचं तोंड आणि शेपूट एक झालं की माणूस जातो" हे तुम्ही ऐकलं असेल. तसं होत नाही. उजव्या बाजूचा मज्जातंतू उजवीकडेच राहतो, छातीच्या किंवा पोटाच्या मधल्या रेषेशी त्याची हद्द संपते. त्यामुळे पट्टा तिथंच थांबतो. गेरू लावणाऱ्याला, मंत्र टाकणाऱ्याला या थांबण्याचं श्रेय आयतंच मिळतं. प्रतिकारशक्ती फारच खालावलेली असेल तर फोड अंगभर पसरू शकतात. तो प्रकार गंभीर असतो, पण तोंड-शेपटाशी त्याचाही संबंध नाही.

फोड साधारण तीन-चार आठवड्यांत सुकून जातात. बहुतेकांचं प्रकरण तिथं संपतं. ज्यांचं संपत नाही, त्यांच्यासाठी हा सगळा लेख.

माझ्या आईचं संपलं नाही. २०११ची गोष्ट. ती ७२ वर्षांची होती आणि गावाकडे राहायची. मी धर्माबादेत, अवघ्या वीस-बावीस किलोमीटरवर. तिच्या डाव्या बरगडीखाली दुखायला लागलं. फोनवर म्हणाली, "काही नाही रे, उसण भरली असंल." मीही ते मान्य केलं आणि दुखण्याची गोळी सांगितली. नागिणीत फोड येण्याआधी दोन-चार दिवस नुसतंच दुखतं किंवा जळजळतं. कोणाला ते हृदयाचं वाटतं, कोणाला मुतखड्याचं. हे मी विद्यार्थ्यांना शिकवू शकलो असतो, पण आईचा फोन आला तेव्हा मला सुचलं नाही. दोन दिवसांनी फोड उठले. ते तिनं मला कळवलंच नाही. शेजारच्या गावी नागीण उतरवणारा एक म्हातारा होता, त्याच्याकडे जाऊन आली. "डाक्टरला सांगू नको, औषध दिलं की नागीण आत जाती," असं तिला बायांनी बजावलं होतं. पोरगा एमडी असला तरी. रविवारी मी गावी गेलो तेव्हा तिच्या अंगावर गेरूचा लाल थर होता. थर धुतला तर खाली फोड पिकलेले. आजाराचा सहावा-सातवा दिवस उलटून गेला होता.

फोड गेले, आग राहिली. ती सांगायची, "मिरचीची पूड चोळल्यागत व्हायलंय." धर्माबादच्या माणसाला याहून नेमकी उपमा कुठून मिळणार? पदर लागला तरी ती ओरडायची. उन्हाळ्यात पंख्याचा वारा लागला तरी. चुलीपुढे बसणं सोडलं, दर वसंत पंचमीला बासरला सरस्वतीच्या दर्शनाला जायची ते सोडलं, रात्री झोपणं तर जवळपास सुटलंच. या वेदनेला आम्ही पोस्ट-हर्पेटिक न्यूराल्जिया म्हणतो. विषाणूने जाता जाता मज्जातंतूच खरवडून ठेवलेला असतो, त्यामुळे साध्या स्पर्शाचाही संदेश मेंदूपर्यंत आगीचा म्हणून पोचतो. साध्या वेदनाशामक गोळ्या त्यावर फारशा चालत नाहीत. प्रीगाबालिन, गाबापेंटिन, अमिट्रिप्टिलिन अशी मज्जातंतूंवर काम करणारी औषधं द्यावी लागतात आणि म्हाताऱ्या माणसाला त्यांनी गुंगी येते. आईला मीच प्रीगाबालिन सुरू केलं. एका रात्री उठताना तिला चक्कर आली, मोरीत पडली आणि मनगट मोडलं. आग शांत व्हायला दीड वर्ष लागलं.

त्या दीड वर्षाचा हिशेब मी कधी केला नाही. औषधं, प्लास्टर, फेऱ्या मिळून पैसे फार नव्हते. पण बासरला ती पुन्हा गेली नाही.

आज ज्या लशीबद्दल बोलतो आहोत, ती तेव्हा जगात कुठेच मिळत नव्हती. त्यामुळे लस दिली नाही याची खंत मला नाही. पहिल्या तीन दिवसांची आहे. अ‍ॅसायक्लोव्हिर, व्हॅलासायक्लोव्हिर ही विषाणूविरोधी औषधं फोड उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाली तर आजार लवकर आटोक्यात येतो आणि सुरुवातीची वेदना सौम्य राहते. अ‍ॅसायक्लोव्हिर ८०० मिलिग्रॅम दिवसातून पाच वेळा, सात दिवस, म्हणजे ३५ गोळ्या (मूत्रपिंड कमजोर असेल तर डोस कमी करावा लागतो, म्हणून हा आकडा वाचून स्वतः सुरू करू नका). कोर्सचा खर्च हजार-दोन हजार रुपये. ही औषधं नंतर राहणारी वेदना हमखास टाळतातच असं नाही, हेही सांगायला हवं. पण हातात तेवढंच असेल तर तेवढं तरी वेळेत करावं. माझ्या दवाखान्यात आता एक छोटा छापील कागद असतो. "अंगाच्या एकाच बाजूला आग, मग फोड : त्याच दिवशी डॉक्टर. कपाळावर, पापणीवर किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड : त्याच दिवशी डोळ्यांचे डॉक्टरही." नाकाच्या शेंड्याचं एवढ्यासाठी, की तिथला आणि डोळ्याचा मज्जातंतू एकाच फांदीचा असतो. तिथं फोड आला तर डोळा धोक्यात आहे असं समजून चालायचं.

आता लस. नागिणीवरची पहिली लस, झोस्टाव्हॅक्स, अमेरिकेत २००६ मध्ये आली. ती जिवंत पण दुबळ्या केलेल्या विषाणूची होती आणि तिचा असर वयानुसार आणि वर्षांनुसार बराच उतरायचा. दुसरी, शिंग्रिक्स, तिकडे २०१७ मध्ये आणि भारतात २०२३ मध्ये आली, पन्नाशीपुढच्यांसाठी. तिच्यात जिवंत विषाणू नाही. त्याच्या कवचातलं एक प्रथिन आणि प्रतिकारशक्तीला डिवचणारा एक घटक आहे. दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने दंडात दोन इंजेक्शनं. कंपनीच्या मोठ्या चाचण्यांचे निकाल २०१५ आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. पन्नाशीपुढच्या गटात नागीण ९७ टक्क्यांनी कमी झाली, सत्तरीपुढच्यांत सुमारे ९० टक्क्यांनी. नंतर राहणारी वेदनाही जवळपास त्याच प्रमाणात कमी झाली. पुढे याच लोकांचा माग ठेवला गेला, तेव्हा अकराव्या वर्षीही संरक्षण ८० टक्क्यांच्या आसपास टिकलेलं दिसलं. साठी-सत्तरीच्या माणसांत इतकी चांगली चालणारी लस विरळाच. फ्लूच्या लशीला याच्या निम्मं यश मिळालं तरी आम्ही समाधान मानतो.

त्रास होतो, पण दोन-तीन दिवसांचा : दंड ठणकतो, कणकण येते, अंग मोडून येतं. चाचणीत सुमारे सहातल्या एकाला हा त्रास रोजची कामं अडण्याइतका झाला. सोमवारी पेरणी असेल तर रविवारी इंजेक्शन घेऊ नये, इतकं शहाणपण पुरे.

म्हणजे लस चांगली आहे, यात वाद नाही. वाद आहे तो किमतीचा. "किफायतशीर" हा शब्द आपण सहज वापरतो, पण आरोग्याच्या अर्थशास्त्रात त्याला एक ठरावीक माप आहे. एखाद्या उपचारामुळे निरोगी आयुष्याचं एक पूर्ण वर्ष पदरात पडायला किती पैसे लागतात, ते मोजायचं. या एककाला इंग्रजी आद्याक्षरांवरून 'क्वाली' म्हणतात. वेदनेत, अंथरुणात काढलेलं वर्ष पूर्ण वर्ष धरत नाहीत, पाऊण किंवा अर्धं धरतात. अमेरिकेत पन्नाशीपुढच्या सगळ्यांना शिंग्रिक्स द्यायची ठरली तर एका क्वालीमागे सुमारे ३१ हजार डॉलर पडतील असा हिशेब तिथल्या तज्ज्ञांनी मांडला. तिथल्या मानाने तो सौदा परवडणारा, म्हणून त्यांनी ती सर्वांना सुचवली. इंग्लंडमध्ये सरकारी आरोग्यसेवा ही लस ठरावीक वयाला फुकट टोचते, पण तीही असाच हिशेब करून. तिथं नव्या उपचाराला अनेक वर्षं सहसा एका क्वालीमागे वीस ते तीस हजार पौंडांची वेस ओलांडता येत नव्हती. कोणत्या वयापासून लस द्यायची, हेसुद्धा त्यांनी याच मापाने ठरवलं.

आपल्याकडे काय? आदल्या रात्री मी केलेला हिशेब हा असा ढोबळ होता. चाचणीत लस न घेतलेल्या गटात वर्षाला हजारात नऊ जणांना नागीण झाली. ही माणसं अनेक देशांतली होती. तेच प्रमाण धर्माबादला लावू. माझ्या ओळखीचे साठीचे १०० लोक धरा. दहा वर्षांत त्यांतल्या नऊ जणांना नागीण होईल. त्या नवांपैकी एखाद्याला आईसारखी दीर्घ वेदना राहील, कारण नागीण झालेल्यांत शेकडा १० ते १८ जणांना ती राहते. आता शंभर जणांना लस दिली. खर्च वीस लाख रुपये. नऊपैकी आठ नागिणी टळल्या, म्हणजे एक नागीण टाळायला अडीच लाख. जिच्या उपचाराला दोन-तीन हजार लागतात, ती टाळायला अडीच लाख!

पण पैसे नागीण टाळायला नाही, त्रास टाळायला देतो आहोत. म्हणून तोही मोजू. सढळ हाताने धरू : टळलेल्या प्रत्येक नागिणीमागे पूर्ण एक महिना वाचला, म्हणजे आठ महिने. एकाची दीर्घ वेदना टळली, त्याचं अर्धं वर्ष. सगळे मिळून एक-सव्वा निरोगी वर्ष हाती आलं, वीस लाखांत. म्हणजे एका वर्षाला सोळा-सतरा लाख. भारतात सरकारसाठी असे हिशेब करणारी यंत्रणा आहे, केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाच्या अखत्यारीत. ती साधारणपणे देशाच्या दरडोई उत्पन्नाइतकी रक्कम ही मर्यादा धरते. आपलं दरडोई उत्पन्न वर्षाला सुमारे दोन लाख. मर्यादेच्या आठपट खर्च! म्हणजे आजच्या किमतीत ही लस सरकारने सर्वांना फुकट द्यावी, असं मी डॉक्टर असूनही म्हणू शकत नाही. दोन्ही डोस मिळून अडीच हजारांत मिळाले, तर मात्र हेच गणित उलटं फिरतं.

यात बोचणारी गोष्ट अशी. अमेरिकेने जेव्हा तो ३१ हजार डॉलरचा हिशेब केला, तेव्हा तिथं दोन डोसची किंमत सुमारे २८० डॉलर होती, तेव्हाच्या दराने सुमारे अठरा हजार रुपये. आपल्याकडेही जवळपास तेवढीच. किंमत तीच आणि कमाई तीस पटीने कमी. लस त्यांना किफायतशीर आणि आपल्याला महाग ठरते ती औषधाच्या गुणाने नव्हे, खिशाने.

किंमत कायम अशीच राहते असं मात्र नाही. मी अंबाजोगाईला शिकत होतो तेव्हा हेपॅटायटिस बीची लस आयात व्हायची आणि तिची किंमत ऐकूनच लोक उठून जायचे. आम्हा शिकाऊ डॉक्टरांनाही पदरचे पैसे घालून ती घेणं जड जायचं. मग १९९७ मध्ये हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने देशी लस काढली. पाठोपाठ इतर भारतीय कंपन्या उतरल्या, किंमत कोसळली, आणि २०११ पर्यंत ती देशभरातल्या बाळांना सरकारी लसीकरणात फुकट मिळू लागली. हैदराबाद इथून देवगिरी एक्स्प्रेसने काही तासांवर. नागिणीच्या लशीचंही असं कधी तरी होईल, अशी मला आशा आहे.

तोवर प्रश्न उरतो तो घरातल्या पैशाचा. सरकारचा हिशेब आणि घरचा हिशेब एक नसतो. सरकारला शंभर जणांचा विचार करावा लागतो. तुम्हाला तुमच्या एका अंगाचा. जाहिरातीत "तिघांतल्या एकाला" असं सांगतात. तो आकडा अमेरिकेतला आणि संपूर्ण आयुष्यभराचा आहे, येत्या वर्षाचा नाही. ऐकून घाबरून धावत येऊ नका. उलट बाजूने, ज्याच्या बँकेत पुरेसे पैसे आहेत, त्याने चांगल्या मोबाइलच्या किमतीत अकरा वर्षांची निश्चिंती विकत घेतली तर त्याला कोणी उधळ्या म्हणू नये. किडनी बदललेली आहे, कॅन्सरची औषधं चालू आहेत, संधिवातासाठी प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या आहेत, अशांना तर मी स्वतःहून सुचवतो. त्यांना नागीण होण्याची शक्यताही जास्त आणि झाली तर हालही जास्त. पण माझ्याकडे श्रावणबाळ योजनेचे महिना दीड हजार घेणाऱ्या आज्या येतात. त्यांच्यासाठी वीस हजार म्हणजे तेरा महिन्यांचं पेन्शन. त्यांना मी या लशीचं नावसुद्धा सांगत नाही, ७२ तासांचा कागद देतो. लस सुचवायची आणि मग ती परवडत नाही म्हणून त्यांनी अपराधी वाटून घ्यायचं, हे मला पटत नाही. काही सहकारी म्हणतात, माहिती देणं हे आपलं काम, निर्णय त्यांचा. त्यांचं म्हणणं चुकीचं आहे असंही मी म्हणू शकत नाही.

आणखी एक, जे डॉक्टर सहसा लिहीत नाहीत. लस टोचणाऱ्या डॉक्टरला तिच्यावर मार्जिन मिळतं, आणि महाग लशीवर ते लहान नसतं. म्हणून कोणीही डॉक्टर, मीसुद्धा, ही लस घ्याच म्हणाला तर त्याला एवढं जरूर विचारा : "या पैशात माझ्यासाठी आधी करण्यासारखं दुसरं काही आहे का?" पंतप्रधान जन आरोग्य योजनेत सत्तरीपुढच्या सर्वांना पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात, पण ते दवाखान्यात भरती झाल्यावर. लस त्यात बसत नाही. खासगी विम्यातही बहुधा नाही. म्हणजे पैसे खिशातलेच.

रविवारी मास्तर आणि काकू आल्या. मी हा सगळा हिशेब त्यांच्यासमोर मांडला. मास्तरांनी गणित तपासून पाहिलं, मला एके ठिकाणी शून्य कमी पडलं होतं ते दाखवून दिलं. मग मूळ प्रश्न : कोणाला?

मी म्हणालो, वय मास्तरांचं जास्त, तो एक मुद्दा. पण नागीण बायकांना पुरुषांपेक्षा थोडी जास्तच होते आणि काकूंना मधुमेह आहे. एकालाच द्यायची तर मी काकूंना देईन.

"मला कशाला? त्यांनाच द्या," काकू म्हणाल्या.

"अगं, घर तू चालवतेस," मास्तर.

दोघांचं दोन-तीनदा असं झालं. मग काकू जरा थांबल्या आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "डॉक्टर, या वीस हजारात डोळ्याचं होईल का?"

मास्तरांना काहीच माहीत नव्हतं. उजव्या डोळ्याने त्यांना दीड वर्षापासून धूसर दिसत होतं. तांदूळ निवडताना खडे दिसत नव्हते, इन्सुलिनच्या सिरिंजवरचे आकडे अंदाजाने बघत होत्या. ते अंदाजाने बघणं ऐकून मी खुर्चीत सरळ झालो. गेल्या सहा महिन्यांत त्यांची साखर दोनदा फार खाली गेली होती, आणि मी त्याचं खापर जेवणाच्या वेळांवर फोडलं होतं. टॉर्च लावून पाहिलं तर मोतीबिंदू चांगलाच पिकलेला. आरोग्यावर खर्च केलेल्या प्रत्येक रुपयाला सर्वांत जास्त मोल देणाऱ्या उपचारांत मोतीबिंदूचं ऑपरेशन कायम वरच्या नंबरात असतं. शिवाय ते सरकारी दवाखान्यात फुकट होतं. मी रात्रभर क्वालीची आकडेमोड करत बसलो होतो, आणि ज्या बाईच्या आयुष्यासाठी ती चालली होती तिला धड दिसत नाही, हे तिच्या तोंडून निघेपर्यंत मला कळलं नव्हतं.

क्रम ठरला तो असा. आधी डोळा, साखर आटोक्यात आणून. मग दोघांना फ्लूची लस, तिला माणशी दोन हजारांच्या आसपास लागतात. न्यूमोनियाची लस त्याच्या मागे. नागिणीची शेवटी, आणि पहिल्यांदा काकूंना.

डोळ्याचं ऑपरेशन नांदेडला झालं, पैसे लागले नाहीत. लागले ते जाण्यायेण्याचे आणि काळ्या चष्म्याचे. दिवाळीनंतर काकू नागिणीचा पहिला डोस घेऊन गेल्या. ही लस मी साठवून ठेवत नाही. कोणी ठरवलं की नांदेडहून बर्फाच्या डब्यात मागवतो, कारण ती दोन ते आठ अंशांतच ठेवावी लागते आणि इथल्या विजेचा भरवसा नाही. दोन दिवस त्यांचा दंड दुखला. दुसरा डोस पुढच्या महिन्यात आहे. मास्तरांनी स्वतःची लस अजून घेतलेली नाही. फरकाची रक्कम आली की बघू म्हणतात. ७२ तासांचा तो कागद तेवढा त्यांनी पेन्शनच्या पासबुकात घालून ठेवला आहे. परवा काकू सांगत होत्या, अंगाला कुठं खाज सुटली की आधी तो काढून वाचतात.